माझी गाठ आणि सुनंदाचे उपास

डॉक्टरांनी 'कॅन्सर आहे' असं सांगितलं तेव्हा माझ्या शेजारच्या खुर्चीत सुनंदा बसली होती. सुनंदा माझी धाकटी जाऊ. करावे गावात आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच. तिलाही हाच स्तनाचा कॅन्सर, पण माझ्या आधी निघालेला, म्हणून ती मला धीर द्यायला आली होती. मला तिचा धीर नको होता. लग्नापासून सगळ्यात ती पुढे, आता आजारातही अनुभवी.

केमो देऊन आधी गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, असं आम्हा दोघींचं ठरलं. सोनोग्राफीत तिची गाठ जवळजवळ दिसेनाशी झाली. माझी आपली ठाण मांडून. वेटिंग रूममधल्या बायका तिला विचारायच्या, काय केलंत हो? ती म्हणायची, उपास. मी पाणी प्यायचं निमित्त करून उठायचे.

तुमच्यावर त्या खुर्च्यांत बसायची वेळ आली तर एक सांगून ठेवते. सुई सोसते, शेजारणीचा चांगला रिपोर्ट सोसत नाही.

त्यात मोबाइलवर ऑटोफॅजीचा व्हिडिओ आला. उपाशी राहिलं की पेशी आपल्यातलाच कचरा खाते आणि कॅन्सर पळतो, असं त्यात होतं. म्हणजे हिचं गुपित हेच! ती सोमवार करते ना, मग मी सोमवार, मंगळवार, गुरुवार, चतुर्थी, सगळं धरलं. तेही निरंकार. पाण्याशिवाय तोंडात काही नाही.

वजन घसरलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या आणि माझी पुढची केमो लांबली. डॉक्टरांनी उपासांचं माझ्याकडून काढून घेतलं. ओरडले नाहीत, नीट बसवून समजावलं. प्रत्येक पेशीत ट्यूमर सप्रेसर जीन असतात, म्हणजे वाढीला लगाम घालणारे. त्यातला टीपी फिफ्टी-थ्री बिघडलेल्या पेशीला थांबवतो, नाहीच सुधारली तर मरायला लावतो. ऑटोफॅजीवरही त्याचा ताबा असतो. माझ्या गाठीत तोच जीन बिघडलेला होता.

"कचरा साफ होणं निरोगी पेशीला चांगलंच," ते म्हणाले. "पण गाठ एकदा बसली की तीच युक्ती तिच्याही कामी येऊ शकते. उपासमारीत, केमोतसुद्धा ती स्वतःचेच तुकडे खाऊन तग धरते. उपाशी राहून झिजता त्या तुम्हीच."

मी विचारलं, मग सुनंदाची कशी गेली? तिची गाठ वेगळी, तिचे जीन वेगळे, उपासाचा संबंध नाही, असं ते म्हणाले. म्हणजे जीनसुद्धा तिलाच चांगले मिळाले.

घरी आल्या आल्या मी तिच्या ओट्यावर जाऊन भांडले. उपास करून माझ्या जिवावर उठलीस म्हणाले.

"वयनी, उपास म्हनजे मासली नाय," ती म्हणाली. "जेवाचा नाय असा कोन बोलला तुमाना? मी तं खिचरी दोनदा खातंय."

एकादशी अन् दुप्पट खाशी! ती साबुदाणा हाणत होती आणि मी तिच्या ईर्ष्येने वाळत होते. रागाने मला रडू आलं. तिने आत जाऊन भात आणि बोंबलाचं कालवण आणलं, आणि ताट संपेपर्यंत समोरून हलली नाही.

वजन भरलं, केमो पुन्हा सुरू झाली, औषध बदललं. गाठ थोडी आटली, ऑपरेशन झालं. माझं अजून चालू आहे, तिचं संपलं. तिचे केसही माझ्या आधी आले, तेही कुरळे.

मागच्या महिन्यात तिच्या तपासणीत काहीतरी शंका निघाली आणि पुन्हा स्कॅन सांगितला. रिपोर्ट येईपर्यंत मला घास गिळवेना. तिच्या पदरात चांगलं पडू दे, असं मी देवाला म्हणाले, तेही पहिल्यांदाच.

रिपोर्ट स्वच्छ आला. ती पेढे घेऊन हसत दारात उभी राहिली आणि माझ्या पोटात नेहमीसारखं दुखलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू.