तानुबाईंचा रुसवा

"गावाचं नाव नका घालू," तानुबाईंनी मला आधीच बजावलं. "चुकले ते दहा-बारा जन. नाव जाईन साऱ्या गावाचं."

म्हणून एवढंच सांगतो, की ते गाव हिवरखेडच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे तानुबाईंचं विहिरीवरचं शेत आहे आणि त्यात झेंडू, शेवंती, गलांडा असा फुलांचा पसारा असतो. नवरा लवकर गेला, मुली सासरी गेल्या. बाई आता साठीच्या पुढे आहेत. सोमवार कधी मोडला नाही, आणि गावच्या मारुतीला रोजचा हार त्यांच्याच शेतातून जायचा. गेल्या वेळी महिलांच्या राखीव जागेवर त्या ग्रामपंचायतीत निवडून आल्या, तेव्हा लोकांना वाटलं, गरीब बाई आहे, सांगू तिथे हात वर करील. लोकांचा हा अंदाज फार दिवस टिकला नाही.

त्यांच्या भावाचा मुलगा कुंदन. आई-बाप लहानपणीच गेल्यामुळे तो तानुबाईंच्याच हाताखाली वाढला. पुढे त्यानं मालवाहू गाडी घेतली, आत्याची फुलं अकोल्याला न्यायला लागला. त्याचं लग्न तानुबाईंनीच लावलं. करिश्माच्या ओटीत पितळेचा बाळकृष्ण आणि अन्नपूर्णाही त्यांनीच घातली.

लग्नानंतर दोन वर्षांनी करिश्माचं बाळ पोटातच गेलं. ती अकोल्याच्या दवाखान्यात बरेच दिवस पडून होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला एक ख्रिस्ती जोडपं यायचं. ते हिच्याजवळही बसायचं, डबा आणायचं, तिच्यासाठी प्रार्थना करायचं. घरी आल्यावर दोघं नवरा-बायको दर रविवारी अकोल्याला प्रार्थनेला जायला लागले. तानुबाईंना वाटलं, दुःखातलं माणूस आहे, चार दिवस जाईल आणि येईल परत.

मग एका सकाळी कुंदन त्यांच्या अंगणात येऊन उभा राहिला. हातात स्वच्छ फडक्यात बांधलेले ते देव होते.

"आत्या, माह्याच्यानं आता या देवायची पूजा होत नाई. नदीत सोडा म्हणे कोनी. मले ते जमलं नाई. तुहे आहेत, तुह्याजवळच ठेव."

तानुबाईंनी देव घेतले. आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्यानंतर वर्षभर त्या कुंदनशी बोलल्या नाहीत. फुलं दुसऱ्याच्या गाडीनं पाठवायला लागल्या. आणि गावात जो भेटेल त्याला सांगत सुटल्या, "माह्या हातचं खाऊन मोठा झाला, आन माह्या देवाले वापस करून गेला. अशा पोट्ट्याले काय म्हनावं?"

हे बोलणं पुढे कुठे जाईल याचा त्यांनी विचार केला नव्हता.

कुंदनच्या पत्र्याच्या घरात रविवारी पाच-सहा माणसं जमू लागली. ढोलकीवर गाणी म्हणायची, थोडा वेळ डोळे मिटून बसायचं, चहा प्यायचा, एवढंच. पण गावात चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, बाहेरून पैसा येतो. कोणी म्हणालं, उद्या सारी गल्ली बाटवतील. खताचं दुकान असलेला श्रावण यात पुढे होता. एका रविवारी तो काही पोरं घेऊन गेला. ढोलकी फोडली, बसलेल्यांना उठवलं आणि कुंदनला दम दिला, की हे बंद कर, नाहीतर गाव सोड. त्याच आठवड्यात किराणा दुकानानं त्यांना सामान देणं थांबवलं.

तानुबाईंनी हे ऐकलं. वाईट वाटलं, पण मनात एक कोपरा असाही होता, जो म्हणत होता, बरं झालं, आता तरी अक्कल येईल. हे त्यांनी मला स्वतःहून सांगितलं, आणि सांगताना नजर चुकवली नाही.

मग गिरणीवरचा प्रसंग घडला.

तानुबाई ज्वारी दळायला गेल्या होत्या. पुढे करिश्मा उभी होती. तिचा नंबर आला तसा गिरणीवाल्यानं तिचा डबा पायानं बाजूला सरकवला. "तुमचं दळन बंद आहे. सांगतलं न तुह्या नवऱ्याले?" करिश्मा वाकून डबा उचलायला लागली. रांगेतल्या बायका भिंतीकडे बघत होत्या.

तानुबाई पुढे झाल्या. "काहून बंद आहे?"

"तुमीच तर सांगता साऱ्या गावाले, आत्याबाई," गिरणीवाला म्हणाला. "तुमच्या देवाची बेइज्जती केली त्यानं. आमी तुमच्या बाजूनंच आहो. लावा तुमचा डबा."

"पयले तिचं दळ."

"ते नाई होनार."

"तं माहंही नको."

दोघी न दळलेली ज्वारी घेऊन घरी परतल्या. त्या दिवशी तानुबाईंच्या मनात काहीतरी हललं. त्यांच्याच शब्दांत सांगतो: "रुसवा माहा होता. माह्या घरातला होता. मी त्याच्याशी दहा वर्षं बोलली नसती तरी तो माहा हक्क. पन माहा रुसवा गावानं उचलून नेला आन त्याची काठी केली. तिच्या पोटावर मारायले."

ग्रामसभेत ठराव येणार होता. गावात कोणाच्याही घरी बाहेरच्या धर्माची प्रार्थना होऊ द्यायची नाही, आणि जे करतील त्यांच्याशी गावानं व्यवहार ठेवायचा नाही. श्रावण स्वतः तानुबाईंकडे येऊन गेला. "तुमीच मांडा, आत्याबाई. तुमच्यापेक्षा कोनाचं दुःख मोठं आहे?" तानुबाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एसटीनं अकोला गाठलं.

अकोल्याच्या जुन्या शहरात फुलांचे व्यापारी शफीभाई त्यांचा माल वर्षानुवर्षं घेत आले आहेत. त्यांची पुतणी सुरैय्या वकील आहे. शफीभाईंनीच गाठ घालून दिली. सुरैय्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मावशी, त्याला कोणी जबरदस्ती केली होती का? पैसे, धमकी, काही?"

"मी त्याले इचारलंच नाई," तानुबाई म्हणाल्या, आणि आपण एवढं वर्षभर त्याला शिव्या घातल्या पण हे विचारलं नाही, हे त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

सुरैय्यानं समजावून सांगितलं. आपला धर्म मानायचा, पाळायचा हक्क संविधानानं प्रत्येकाला दिला आहे. ग्रामसभेला तो काढून घेता येत नाही. दाणापाणी बंद करणं तर सरळ गुन्हा आहे. "पण मी कागदावर लढेन. गावात उभं तुम्हालाच राहावं लागेल. मी उभी राहिले तर काय म्हणतील, तुम्हाला माहीत आहे."

तानुबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "खरं सांगा वकीलबाई. तुमच्या घरातलं कोनी असं दुसरीकडं गेलं असतं, तं?"

"राग आला असता," सुरैय्या म्हणाली. "फार. अब्बांनी तर घर डोक्यावर घेतलं असतं. आणि मी रोज दुसऱ्यांना जे सांगते, ते मला स्वतःला जमतं का, ते तेव्हाच कळलं असतं."

हे उत्तर तानुबाईंना पटलं. मला राग आलाच नसता, असं ती म्हणाली असती तर आपण उठून आलो असतो, असं त्या म्हणतात.

बसस्टँडवरून त्या थेट कुंदनच्या घरी गेल्या. वर्षभरानंतर उंबरा ओलांडला. पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्यानंच विचारलं, "तुले कोनी पैसे देल्ले काय?"

"नाई, आत्या."

"भेव दाखवला?"

"नाई. लेकरू गेलं तवा आमाले झोप नोती. तिथं बसलो का डोक्यातलं शांत व्हाये. बस."

"मंग माह्याजवळ काहून नाई आला?"

कुंदनची मान खाली गेली. "तू म्हनत होती, देवाची मर्जी. करिश्माले ते आयकवत नोतं."

तानुबाई बाहेर पडल्या. घरी येऊन खूप रडल्या.

ग्रामसभा समाजमंदिरात भरली. सरपंच डोमाजी खुर्चीवर, बाजूला ग्रामसेवक. श्रावणनं ठराव वाचला आणि म्हणाला, "आता आत्याबाई बोलतीन." सगळ्यांना वाटलं, बाई आता भाच्याचा उद्धार करणार.

तानुबाई उभ्या राहिल्या. "कुंदननं माहे देव वापस केले. मले लागलं, आजही लागते. मी त्याच्या त्या प्रार्थनेले जानार नाई, मले ते पटतही नाई. पन तो माह्या घरात येऊन माही पूजा बंद करत नाई. मंग मी त्याच्या घरात जाऊन त्याची काहून बंद करू? देव जर मनापासून मानायचा असन, तं दुसऱ्यानं मानगूट धरून कसा मानायचा? आन तुमी माह्या नावानं त्या पोरीचं पीठ बंद केलं. माहं नाव परत द्या मले. माह्या नावानं हे होनार नाई."

श्रावण ओरडला, "हे त्या वकिलीनीनं शिकवलं तुमाले!"

"कायदा तिनं सांगतला," तानुबाई म्हणाल्या. "लाज माही मले वाटली."

गलका झाला. ग्रामसेवकानं डोमाजींच्या कानात सांगितलं, की असा ठराव नोंदवताच येणार नाही, दोघांच्याही अंगाशी येईल. डोमाजींनी घाम पुसला आणि सभा तहकूब केली. तानुबाईंच्या बाजूनं हात कोणी वर केला नव्हता. फक्त मागच्या बाजूच्या काही बायका उठून त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

विजय वगैरे काही झाला नाही. सुरैय्यानं तहसील आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिल्यावर किराणा दुकान निमूट उघडलं, गिरणी काही महिन्यांनी. पण मारुतीचा हार मात्र दुसऱ्याच्या शेतातून यायला लागला. ते तानुबाईंना सगळ्यात जास्त लागलं. त्या अजूनही सकाळी देवळात जातात, हात जोडतात, रिकाम्या हातानं परत येतात.

या गोष्टीचा बोलबाला मात्र झाला. आसपासच्या गावांतून लोक तानुबाईंना बोलावू लागले. कुठे बौद्ध घरातल्या सुनेला माहेरचा सण करू देत नव्हते, कुठे एका मुस्लिम कुटुंबाला मय्यतीची वाट अडवली होती. सुरैय्या कागद सांभाळते, तानुबाई ओसरीवर बसून बोलतात. कुंदनची गाडी असते. कोणी पुढारी म्हटलं की बाई चिडतात.

परवाचा प्रसंग त्यांच्याच तेल्हारा तालुक्यातला. म्हाताऱ्या पार्बताबाईंचा मुलगा कुंदनच्याच प्रार्थनेला येणारा. त्यानं आईला सांगितलं होतं, अंगणातली तुळस काढ, नाहीतर या घरात राहू नको. निरोप आला तेव्हा कुंदन जरा घुटमळला. "आपलाच मानूस आहे, आत्या. मी समजावतो त्याले मागाहून."

"गाडी काढ," तानुबाई म्हणाल्या.

त्या घरी जाऊन त्यांनी मुलाला समोर बसवलं. "तुह्या ढोलकीसाटी मी गावाशी भांडली. तुह्या मायच्या तुळशीसाटी तुह्याशी भांडीन. तिचं मन तिचं आहे."

मुलगा वाद घालायला लागला, बायबलमधले दाखले द्यायला लागला. तानुबाईंना त्यातलं काही येत नव्हतं. तेव्हा कुंदनच बोलला, हळू आवाजात, "भाऊ, मले माह्या आत्याचे देव नदीत सोडता आले नोते. तू मायले तुळस काढाले काहून सांगतं?"

मुलगा लगेच मानला नाही. तुळस राहील, पण मी पाणी घालणार नाही, एवढ्यावर आला. पार्बताबाई म्हणाल्या, "तुले कोन सांगून राह्यलं पानी घालाले? माहे हात हायेत ना." आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.