पुलाखालचे रूळ

“पाण्याला वाट विचारू नये, त्याच्या मागोमाग जावं,” असं आमचे पंपवाले काका उठता-बसता म्हणायचे. खाण चालू होती तेव्हा एकतीस वर्षं त्यांनी तिचं पाणी उपसलं. मग खाण बंद झाली, पंप निघाले आणि वरचा ओढा गुपचूप तिच्या पोटात मुरू लागला. खाण तुडुंब झाली तसं खालच्या आळीत फरश्यांच्या फटींतून पाणी वर यायला लागलं. काकांची थोरली बहीण तिथेच राहायची, पलंगाखाली विटा लावून.

ओढा नेमका कुठे झिरपतो ते शोधायला मोजणीच्या बाई आल्या. काठाने लोखंडी खुंट्या ठोकायच्या, जमिनीत थोडी वीज सोडायची. ओल असेल तिथे ती चटकन धावते आणि यंत्राचा आकडा उतरतो. ठोकायला काका होते. पुलापाशी आकडा धाडकन खाली आला.

“सापडलं! इथलाच तळ बांधून काढू,” बाई म्हणाल्या. पाणी मुरू नये म्हणून तळ बांधायची मंजुरी चाळीस पावलांपुरतीच होती.

काका घण टेकून उभे राहिले. खुंट्या पुलाच्या पुढे सरकल्या तर ओढ्याचं वळण, वळणावर त्यांचंच घर. तिथला तळ बांधायचा तर मागची खोली पाडावी लागणार. दारातून काकूंनी डोळे वटारले.

“बाई, इथे ओल नाही, लोखंड आहे. ट्रॉलीचे जुने रूळ.”

“आजोबा, यंत्रापेक्षा तुमचं डोकं तेज?”

“डोकं नव्हे, पाठ. खाण मिटली तेव्हा याच पाठीवर आणून पुरलेत.”

हातभर खणलं, तर गंजका रूळ निघाला. बाई ओशाळल्या. खुंट्यांची रांग वळणावर नेली. तिथेही आकडा उतरला. खात्रीसाठी त्यांनी वळणाच्या वर आणि खाली प्रवाह मोजला. खाली चौथाई पाणी कमी.

“अहो, गप्प बसायला काय झालं होतं?” काकू तडकल्या. “स्वतःच्या हाताने स्वतःचं घर दाखवलंत!”

“आणि आक्काने अजून किती विटा लावायच्या?”

काकू आत गेल्या आणि मागच्या खोलीतली भांडी बाहेर काढू लागल्या.

काकांनी घण भिंतीला टेकवला आणि बहिणीला सांगायला ते काठाकाठाने उतरणीला लागले. नेहमीसारखेच सावकाश, पाण्याच्या मागोमाग. हातातलं पातेलं तसंच धरून काकू दाराशी आल्या आणि ते खालच्या आळीत दिसेनासे होईपर्यंत बघत उभ्या राहिल्या.