नायलॉनची बंजारन आणि हिरीबाई

बंजारन कशी असते, हे आमच्या घरात माझ्या एका जुन्या नायलॉनच्या साडीवरून ठरलं. त्या साली टुरिंग टॉकीजवाले एक सिनेमा गावोगाव फिरवत होते. त्यातली नायिका बंजारन होऊन गाणं म्हणते, गिरक्या घेते, कमरेवर घागर ठेवून तिरपं पाहते. झालं, आमच्या ह्यांच्या डोक्यात किडा शिरला. आमचे हे म्हणजे इंद्रभान. वाशिमला फोटोचं दुकान, आणि यात्रा आली की तंबू, रंगवलेला पडदा आणि लाकडी कॅमेरा घेऊन आमची वरात निघायची. ह्यांनी कुठूनसं त्या सिनेमाचं पोस्टर पैदा केलं, माझ्यापुढे अंथरलं आणि म्हणाले, "वच्छला, असाच ड्रेस पायजे." मी साडी फाडली, चमकीच्या टिकल्या लावल्या, काठाला पत्र्याची घुंगरं टाचली. पोट उघडं, पाठ उघडी. कापड वाचलं याचंच मला कौतुक.

पोहरादेवी म्हणजे बंजाऱ्यांची काशी, तिथल्या रामनवमीच्या यात्रेत त्या ड्रेसनं धूम माजवली. मानोऱ्याच्या कारकुनांच्या बायका, कारंज्याच्या नव्या नवऱ्या, सगळ्यांना बंजारन व्हायचं होतं. पडद्यामागे मी एकेकीला पिना टोचून त्यात बसवायची आणि बाहेर हे पोस्टर दाखवून शिकवायचे, हात कमरेवर, मान वाकडी, ओठ जरासे उघडे. घरी सासऱ्यासमोर पदर ढळू न देणाऱ्या बाया आमच्या तंबूत भुवई उडवायला शिकल्या. मला मोठी मजा वाटायची. तंबूबाहेर खऱ्याखुऱ्या बंजारणींचा पूर लोटलेला, पण त्यांच्याकडे बघायला आम्हाला सवड कुठे होती! काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय?

अशात एका दुपारी हिरीबाई आली. मागे तिचा नवरा अमरसिंग, पांढरा पटका बांधलेला, भिडस्त माणूस. ती मात्र तंबू आपल्याच मालकीचा असल्यासारखी आत आली. लाल फेटिया म्हणजे घेरदार घागरा, आरशांनी भरलेली आणि पुढून पोट झाकणारी कांचळी, कानांजवळ चांदीची झुंबरं, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हनुवटीवर गोंदलेले ठिपके. हे आपले सवयीनं म्हणाले, "वच्छला, मावशीले बंजारनचा ड्रेस दे."

मी दिलासुद्धा! डोकं म्हणून नव्हतं त्या दिवशी.

हिरीबाईनं तो उलटसुलट करून पाहिला आणि मला विचारलं, "पोरी, बाकीचा कुठी हाये?"

मग मात्र आम्ही दोघी पोट धरून हसलो. हे तेवढे कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात तोंड लपवून उभे राहिले.

हसू ओसरल्यावर ती का आली ते तिनं सांगितलं. तिच्या सुना पातळं नेसायला लागल्या होत्या. त्याचं तिला काही नव्हतं, ज्याची त्याची आवड. पण नात रामी वाशिमला वसतिगृहात राहून शिकायची. तिनं तो सिनेमा पाहिला आणि सुट्टीत येऊन म्हणाली, "आजी, तू खऱ्या बंजारनीसारखी काहून नाई दिसत?"

"मले मनते! मले!" हिरीबाईनं छातीवर हात आपटला. "होळीले माहं लेंगीचं गानं उचलल्याबिगर तांड्यातली एक बाई नाचत नाई. दुष्काळात याच कपड्यात रस्त्याची खडी फोडली म्या. मुकादम मने, बांगड्या काढ. मी मनली, बांगड्या काढल्यानं खडी जास्त फुटते काय? आता माहा फोटो काढा भाऊ. रामीच्या पेटीत ठेवाचा हाये. तिले समजू दे बंजारन कशी राह्यते."

ह्यांनी तिला पडद्यासमोर उभं केलं. पण सवय कुठली जायला?

"मावशी, जराशा तिरप्या पाहा. तिकडे."

"तिकडे कोन हाये?"

"कोनी नाई. फोटोत चांगलं दिसते."

"कोनी नाई, त मंग पाहू कायले?" असं म्हणून ती सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळा घालून उभी राहिली. ह्यांनी मुकाट्यानं फोटो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तीच हसत. रात्री तिनंही तो सिनेमा पाहिला होता. "त्या पोरीनं सारं गानं घागर मिरवली, अन् पानी आनलंच नाई! अशी सून आमच्या तांड्यात एक दिस टिकाची नाई."

ह्यांनी मोठ्या दिमाखात फोटो पुढे केला. आदल्या संध्याकाळी ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिल घेऊन कितीतरी वेळ बसले होते. तेव्हा सगळेच फोटोवाले असं करत, डाग झाकत, गाल भरत. फोटोत ती कांचळी होती, ती झुंबरं होती, पण चेहरा गुळगुळीत, डोळे लांबट आणि ओठांवर वरून गुलाबी रंग. हनुवटी कोरी करकरीत.

"बेस आला!" अमरसिंग खूश झाला. "इतकी वर्सं पाहून राह्यलो, अशी कधीच नाई दिसली."

"मंग हिलेच ने घरी," हिरीबाई म्हणाली. "भाकर थापाले सांग तिले."

आम्ही हसलो, ती हसली नाही. फोटोतल्या हनुवटीवर बोट ठेवून तिनं ह्यांना विचारलं, "इथचं गोंदन कुठी गेलं?"

"डागावानी दिसे मावशी. काढून टाकलं."

"अन् सुरकुत्या?"

"त्याबी."

"हे रामीले धाडलं त रामी मनीन, पाह्य, आजी खोटी अन् शिनेमा खरा." तिचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला होता. तिनं फोटो टेबलावर पालथा ठेवला आणि फेटिया सावरून निघाली.

मला ह्यांचा असा संताप आला! मी तिचा हात धरून तिला पेटीवर बसवलं. ह्यांना म्हटलं, "पेन्सिलच आहे ना? पुसा."

"सारी मेहनत पान्यात जाईन."

"जाऊ द्या. सिनेमाचा कारखाना मुंबईला आहे, तो तिथंच राहू द्या."

हे कुरकुरले, पण माणूस मनाचा चांगला. स्पिरिटच्या बोळ्यानं निगेटिव्ह पुसलं आणि फोटो धुवायच्या अंधाऱ्या तंबूत शिरले. बाहेर बायांची रांग खोळंबली. त्यांना मी म्हटलं, बंजारन आज उशिरा उघडेल.

दुपारी नवा फोटो आला. गोंदण होतं, कपाळाच्या रेघा होत्या, ऊन लागून बारीक झालेले डोळे होते. खरं सांगते, त्या तंबूत निघालेला इतका देखणा फोटो मी दुसरा पाहिला नाही. अमरसिंगनं हात पुढे केला, पण तिनं तो त्याला दिला नाही. दोन्ही हातांत धरून ती बघतच राहिली.

"याडी," ती म्हणाली.

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिनं कोणाला हाक मारली की काय म्हणून मी बाहेर डोकावले.

"माही याडी अशीच होती," ती मला म्हणाली. डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "मले वाटे, मी तिचं तोंड इसरली." मग ह्यांच्याकडे वळून तिनं विचारलं, "भाऊ, असाच अजून एक निंगते काय?"

"निंगते ना. कोनासाठी?"

"तो रामीले धाडा. हा मले राहू द्या. याडीचा फोटो नोता माह्याजवळ."