रोलरवाल्या वहिनी

आमच्या गाळ्यातल्या वहिनी रोलर गालाला लावून तपासायच्या. घासून झालेला रोलर फडक्याने पुसायचा, डोळे मिटायचे आणि तान्ह्या बाळाचा पापा घ्यावा तसा तो गालावरून फिरवायचा. मोजमापाची साधनं टेबलावर असत, वहिनी ती वापरतही; पण शेवटचा शब्द गालाचा. त्यामुळे संध्याकाळी घरी निघताना त्यांच्या उजव्या गालावर काळा पट्टा असायचाच. “वहिनी, गाल पुसा,” असं मी म्हणायचे. त्या म्हणायच्या, “र्‍हाव दे. नवर्‍याला कलू दे, दिवसभर काम केलंय.”

भाईंदर पूर्वेच्या त्या गाळ्यात सूतगिरण्यांचे झिजलेले रोलर दुरुस्त व्हायचे. सूत कातायच्या यंत्रात कापसाची वात दोन रोलरांमधून ओढली जाते. खालचा पोलादी, वरचा रबर चढवलेला. कापूस कितीही मऊ असला तरी सतत ओढून ओढून रबराला खाच पडतेच. ते घासून पुन्हा सपाट करायचं, आणि फारच पातळ झालं तर कापून काढून नवं चढवायचं, हे वहिनींचं काम. मी फोन आणि पार्सलं सांभाळायचे. मी गिरगावातून भाईंदरच्या इंद्रलोक भागात राहायला आलेली, वहिनी इथल्याच खारी गावातल्या मूळच्या. वयाने शेठपेक्षाही मोठ्या, पण शेठ, वॉचमन, चहावाला, सगळ्यांच्या त्या वहिनीच होत्या.

झिजलेल्या वस्तूंवर त्यांचा भारी जीव. गंजलेला भाग हातात आला की त्यांचं तोंड कडू व्हायचं. “ह्यो बसून खराब झालाय,” म्हणत तो बाजूला ठेवायच्या. झिजलेला आला की मात्र, “यो बग, राबलाय बिचारा!” माणसांनाही हाच न्याय. एकदा माझ्या चपलेची टाच उलटी करून म्हणाल्या, “बाय, एकाच अंगानं झिजलीय. तू तिरकी चालतंस.” तेव्हापासून आजतागायत मी रस्त्याने चालताना स्वतःच्या पायांकडे बघते, आणि खरोखरच तिरकी चालते.

त्यांचं एकच वैर होतं, टेम्पोवाल्या पांडेशी. गिरण्यांचा माल ट्रकने हायवेवर काशीमीर्‍याला यायचा, तिथून पांडे तो गाळ्यात आणायचा. खोकी ओढायला त्याच्याकडे लोखंडी आकडा होता. खोकं उघडलं की काही रोलरांच्या रबरावर हमखास आडवे चरे दिसायचे, धारदार, सुरीने मारल्यासारखे. नुसती झीज घासून जाते, पण चरा खोल असला की अख्खं रबर फुकट. वहिनींची खात्री होती की हे पांडेच्या आकड्याचंच काम. “जल्ला मेला तुजा आकरा!” अशी सुरुवात व्हायची. पांडे हात जोडून म्हणायचा, “भाभी, माँ कसम, मैंने खोका खोला भी नहीं.” माझा कल वहिनींकडेच असायचा. पांडेचा चेहराच काहीतरी करून आल्यासारखा होता, त्याला तो तरी काय करणार!

पण वहिनींना खरी रुखरुख वेगळीच होती. आयुष्य रोलर घासण्यात गेलं, आणि आपला रोलर फिरताना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. इथून तो खोक्यात बंद होऊन जायचा, झिजून परत यायचा. मध्ये काय होतं, देव जाणे. मी मोबाइलवर सूतगिरणीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो शेवटपर्यंत पाहिला आणि फोन परत दिला. “फोटूतलं जेवान बगून प्वाट भरतं काय?” शेठकडे त्या दर दिवाळीला मागणी करायच्या. शेठ म्हणायचे, “नेक्स्ट टाइम पक्का, वहिनी.”

तो नेक्स्ट टाइम भांडणाच्या रूपाने आला. वापीच्या पलीकडच्या एका गिरणीने कळवलं, तुमचं रबर हलकं आहे, लवकर फाटतं, आम्ही दुसरीकडे काम देतो. वहिनींनी निरोप ऐकला, हातातला रोलर खाली ठेवला आणि म्हणाल्या, “मी जानार. माजं रबर मना दाखवा कुठं फाटतंय.” या वेळी शेठना नाही म्हणता आलं नाही.

शेठच्या गाडीत पुढे शेठ, मागे आम्ही दोघी. वहिनी नव्या कोर्‍या साडीत, अंबाड्यात गजरा, गळ्यात होतं नव्हतं तेवढं सोनं. गिरणीच्या मॅनेजरनी त्यांना शेठच्या आई समजून पाया पडायची तयारी केली. शेठ गडबडीने मध्ये पडले.

सूत कातायच्या खात्यात शिरलो आणि वहिनी दारातच थांबल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत यंत्रांच्या रांगा, हवेत कापसाची लव, आणि शेकडो रोलर एका लयीत फिरत होते. जाड वात वरून आत जात होती आणि खाली डोळ्यांना जेमतेम दिसेल असं सूत होऊन कांडीवर चढत होतं. वहिनींनी माझा दंड घट्ट धरला. “बाय,” त्या कानाशी ओरडल्या, “मी तर नुसता रबर घासतंय, आनि हितं बग काय चाललंय!” त्यांचे डोळे भरले होते, माझेही भरले.

तेवढ्यात समोर एक धागा तुटला. तुटलेला कापूस रोलरभोवती गरागरा गुंडाळला गेला. यंत्रावरची ओडिशाची मुलगी धावत आली, तिने खिशातून ब्लेड काढलं आणि तो लपेटा सरळ रोलरवरच कापला. कापसासकट रबरही, तोच आडवा चरा!

“अगो ये!” वहिनींची आरोळी यंत्रांच्या वर गेली. त्यांनी पोरीचं मनगट धरलं. “मेरा रबर काटती हाय तू?”

पोरगी घाबरली. “आंटी, हाथ से नहीं निकलता. उधर दूसरा टूट जाता है.”

वहिनींनी पुढचा लपेटा स्वतः नखांनी काढायला घेतला. कापूस दगडासारखा बसलेला. तोपर्यंत शेजारी खरंच दुसरा धागा तुटला, मग तिसरा. वहिनींचं नख तुटलं. मग त्यांनी पोरीचं मनगट पुन्हा धरलं, पण या वेळी हळू. “तुजं बी बराबर हाय गो,” त्या म्हणाल्या, आणि अंबाड्यातली पिन काढली. पहिली वाकली. दुसरी जाड होती, तिचं गोल टोक लपेट्याखाली सरकलं आणि कापूस सालीसारखा निघून आला. पोरगी खुदकन हसली. गजरा मात्र यंत्राखाली गेला, तो गेलाच. परतल्यावर शेठनी पितळेच्या बोथट पिना करून घेतल्या आणि प्रत्येक खोक्यात घालायला सुरुवात केली. गिरणीचं काम टिकलं.

दुसर्‍या दिवशी वहिनींनी पांडेला पेढ्यांचा पुडा दिला आणि सगळ्यांसमोर स्वतःचे कान धरले. पांडे पेढा खात म्हणाला, “माफी तो ठीक है भाभी, पर अब आप झगड़ा किससे करोगी?” वहिनींनी विचार करून सांगितलं, “तुज्याशीच. तू उशिरा येतंस.”

पुढे शेठनी धंदाच वापीला नेला. वहिनींनी खारी सोडायला साफ नकार दिला, मीही दुसरी नोकरी धरली. गाळ्याला कुलूप लागलं त्या दिवशी मी रडले. वहिनी मला म्हणाल्या, “रडतंस काय? वटपौर्निमेला ये गावात.”

गेले. खारीच्या वडाभोवती बायकांची गर्दी होती. सगळ्यांच्या हातात बाजारातली सुताची गुंडी, वहिनींच्या हातात गिरणीतली कांडी. आम्ही गिरणीतून निघताना त्या ओडिशाच्या पोरीने ती त्यांच्या ओटीत घातली होती. इतकं बारीक सूत! वडाच्या खडबडीत सालीवर ते पहिल्याच फेरीत तुटणार, असं मला वाटत होतं. वहिनी चालत होत्या, कांडी उलगडत होती, आणि मी श्वास रोखून उभी होते. सूत सालीवर घासलं, अडकलं, ताणलं गेलं, पण तुटलं नाही.

त्यांच्या मागच्या म्हातारीने धागा बोटात धरून निरखला. “कुठला गो ह्यो धागा? कुनाचा?”

“माजा,” वहिनी म्हणाल्या, आणि पुढच्या फेरीला लागल्या.