रोशनीने लिहिलेला माफीनामा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे एरवी काही नव्हतं. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. गावात लहानथोर अजून गुरुजी म्हणतात. त्या हाकेत एक भरवसा असतो. तो मी एकदा वापरला. कसा, ते सांगतो. पण आधी रोशनीबद्दल सांगू द्या. तिच्याबद्दल बोलताना मला बरं वाटतं. म्हणूनच तर तिथून सुरुवात करतोय, हे मलाही कळतंय.

रोशनी घुग्घुसची. वडील कोळशाच्या खाणीत. ती तिथल्या एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम तयार करायची आणि रविवारी वडिलांची मोटरसायकल काढून, गळ्यात जुना कॅमेरा अडकवून भटकायला निघायची. तेव्हा चोवीसेक वर्षांची असेल. आमचं गाव वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला, जंगलाला चिकटून. एवढ्या लांब कशाला येतेस, असं मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं.

"गुरुजी, मले वाघ नाई पाहाचा," ती म्हणाली. "इथी रोज काय होते, ते पाहाचं हाय. आमच्या इथी त झाडाच्या पानावर बी कोळसाच दिसते."

गावाच्या वनसमितीचा मी अध्यक्ष होतो, म्हणून ती परवानगी मागायला माझ्याकडे आली होती. मी परवानगी दिली आणि वाट दाखवायला तिच्यासोबत जाऊ लागलो. नाल्याकाठी ऐनाचं एक जुनं झाड आहे. त्याखालून मी चाळीस वर्षं ये-जा केली असेल. तिने मला तिथे दोन तास गप्प बसवलं. ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसली होती. चोच जाईल एवढीच फट. नर यायचा, घशातून एकेक फळ वर काढायचा आणि त्या फटीतून तिला भरवायचा. मुलांना पक्ष्यांचा धडा किती वेळा शिकवला होता मी — आणि हे पाहिलं नव्हतं. आजही सकाळी अंगणात पाखरू बोललं की मी मान वर करतो. ती सवय तिची देणगी आहे.

माझी बायको तिला जेवल्याशिवाय जाऊ देत नसे. वर चिडवायची — लोकायच्या लग्नाचे फोटो काढून राह्यली, सोताचं कवा? रोशनी म्हणायची, "मावशी, लग्नात समदे एकसारखेच उभे राह्यतात. पाखरू तरी हालते." दोघी हसायच्या. घरात तेव्हा फार दिवसांनी कुणी तरुण हसत होतं.

आता पुढचं सांगायला हवं.

चैत्रात मोहफुलं पडतात. आमच्याकडे ज्याची त्याची झाडं ठरलेली असतात. फुलं पहाटे वाळक्या पाल्यावर गळतात आणि त्यात दिसेनाशी होतात. म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात. काळी, स्वच्छ जमीन झाली की फुलं वेचायला सोपी. पण ती आग सुटली तर डोंगर जातो. त्यामुळे समितीने जाळायला बंदी केली होती. शाळेच्या भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तेही माझ्याच हातचं.

दरवर्षी बायको झाडाखाली खराट्याने झाडून घ्यायची. त्या वर्षी तिचे गुडघे धरले होते. मी एकटाच गेलो. अर्धं झाडलं, कंबर दुखली — आणि मी काडी ओढली. जाळ खाली बसेपर्यंत थांबलो. पुरता विझेपर्यंत थांबलो नाही. चहाची वेळ झाली होती. एवढंच.

तासाभराने उतारावरून धूर उठला. सगळं गाव हिरव्या फांद्या घेऊन धावलं. रोशनीही त्या दिवशी आली होती; तीही सर्वांबरोबर आग झोडपत होती. आग ऐनाच्या झाडाच्या अलीकडे थांबली. पण अख्खा उतार काळा झाला. बांबूची रांजी, म्हणजे अख्खं बेटच, गेली. रानकोंबडीची अंडी भाजलेली सापडली.

मग ती माझ्याकडे आली. कपाळावर काजळी, बाही जळलेली. पहाटे तिने नाल्याकाठी तीन दगड मांडून चहा केला होता. "पाणी टाकलं होतं, गुरुजी," ती म्हणाली. "पुरं नसन विझलं. माझ्यानंच झालं."

मी पाहून येतो म्हणालो आणि नाल्याकडे गेलो. तिची चूल सापडली. मी बोटांनी राख उकरली. गार होती — नुसती गार नाही, चिखल झाला होता. भोवतीचा पालाही तिने हातभर दूर सारलेला. तिच्या दगडांपासून जळलेल्या जमिनीपर्यंत मधला सगळा पाला कोरडा, जसाच्या तसा पडलेला होता. आग तिथून गेलीच नव्हती. आग कुठून आली ते तर मला जायच्या आधीच ठाऊक होतं. मग मी गेलो कशाला? माझ्यासाठी काही सापडतंय का, हे बघायला गेलो होतो. सापडलं नाही. परत आलो तेव्हा वनरक्षक उभा होता. तो म्हणाला, गुरुजी, तुम्ही सांगाल तसं.

मी म्हणालो, "चूल विझवली नव्हती. मी पाहून आलो."

तो स्वतः पाहायला गेला नाही. कशाला जाईल? नवीन पोरगी आहे, गुन्हा नोंदवू नका, माफीनामा घ्या, असंही मीच सुचवलं — आणि सगळ्यांना वाटलं, गुरुजींचं मन मोठं आहे. माझ्या पडवीत बसून मी सांगत गेलो, ती लिहीत गेली. माझ्या निष्काळजीपणामुळे. मी यापुढे. शाळेत श्रुतलेखन घालायचो तसं, सावकाश. तिने सही केली. बायकोने तिला जेवायला थांबवलं. ती थांबली नाही.

त्यानंतर ती जंगलात आली नाही. आमच्याच नाही, कोणत्याच.

पुढच्या फाल्गुनात एसटीने एक गाठोडं आलं. जुन्या साड्या जोडून शिवलेली मोठमोठी पाखरं — आमच्याकडे ताडपत्रीसारख्या अंथरायच्या कापडाला पाखर म्हणतात. सोबत चिठ्ठी: मोहाखाली अंथरा, म्हणजे कोणाले जाळाची गरज नाई पडणार. तिची आई आणि ती खाणीत रात्रपाळीला जाणाऱ्यांच्या बायकांकडून साड्या गोळा करून शिवत होत्या. गेली सहा वर्षं ते गाठोडं येतं. गावातल्या जवळपास प्रत्येक मोहाखाली आता साडी असते. त्या उताराला पुन्हा आग लागलेली नाही. मोहाची रोपं माझ्या खांद्याला आली आहेत. गावाजवळच्या मोहाखाली रोप जगलेलं मी आधी पाहिलं नव्हतं, कारण बंदी असूनही दरवर्षी ते जळायचं. पहाटे भेकर येतं. हे सगळं तिचं आहे. मी या पोरीचा किती ऋणी आहे, हे मला शब्दांत मांडता येत नाही. आणि दरवर्षी मी समितीच्या कागदावर मांडत आलो: आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत. खाली माझी सही. ती माझ्या आगीचं प्रायश्चित्त करत होती आणि मी तिला पोच पाठवत होतो.

यंदाच्या चिठ्ठीत दोन ओळी जास्त होत्या. मार्कंड्याच्या जत्रेला मैत्रिणी घेऊन गेल्या होत्या, कॅमेराही नेला होता. येताना सगळ्या झाडीत उतरल्या. ही गाडीतच बसून राहिली. झाडं दिसली का हाताले राखेचा वास येते, असं तिने लिहिलं आहे.

राखेत हात मी घातला होता.

हे लिहून झाल्यावर ग्रामसभेत वाचणार आहे. एक प्रत वनखात्याला, त्या माफीनाम्यासोबत लावण्यासाठी. एक घुग्घुसला. तिने मला उत्तर लिहावं असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं आहे, की तिने त्या पहाटे चूल नीट विझवली होती, आणि सहा वर्षांतल्या कुठल्याही रविवारी ती कुठल्याही जंगलात जाऊ शकत होती.