खोली देण्याआधीचा प्रश्न

बाबांनी वीस वर्षं ट्रक चालवला, मुरुडचा प्लॉट विकला आणि लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत घर बांधलं. खाली आम्ही, वर मुलींना भाड्यानं द्यायच्या पाच खोल्या. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, आणि माझी फी त्या भाड्यातूनच जाते. हे आधी सांगते, कारण या गोष्टीतला राग माझ्यावरही आहे.

यंदा मुलं कमी आली. कुणी म्हणे नांदेडला चालली, कुणी म्हणे मोबाइलवरच शिकतात. समोरच्यांनी नव्या मजल्याचं काम स्लॅबवरच थांबवलं. आमच्या तीन खोल्या रिकाम्या होत्या. "ह्या वर्षी न्हाई भरल्या तर घर विकून टाकतो," बाबा रोज म्हणायचे.

अशात मुदखेडहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. क्लास दुसऱ्याच दिवशी सुरू होणार होता. मुलीनं गादीची वळकटीही सोबत आणलेली. खोली पसंत पडली, भाडं ठरलं. बाबांनी किल्ली हातात घेतली आणि विचारलं, "पाहुणे कुठले तुमचे?"

आमच्याकडे जात अशी विचारतात. चहा पाजून, हसून.

बाईंनी सोयऱ्यांची गावं सांगितली, मग आडनावं. बाबांनी किल्ली खिशात टाकली. "ध्यानातच न्हाई बघा. ही खोली बोललेली हाय."

"मग दुसरी द्या की. तीन रिकाम्या हायत म्हणलात."

"तिन्ही बोलल्यात."

"चल आई," मुलगी म्हणाली. "अजून कळलं न्हाई व्हय तुला?"

त्या बाहेर पडल्यावर मी कसंबसं म्हणाले, "बाबा, खोटं का बोललात?"

"वर हायत त्या दोघींचे बाप उद्या पोरी घेऊन जातील. मग तू घर चालवतीस का?"

 तशीच संतापानं चप्पल घालून मी त्या मायलेकींना गाठलं आणि कोपऱ्यावरच्या मावशींकडे घेऊन गेले. त्यांच्याकडेही खोल्या होत्या.

"तुझे पाहुणे का गं? मग काय विचारायचं! या, खोली बघा."

मी गप्प राहिले. गप्प राहिलं की खोली मिळेल, एवढंच डोक्यात होतं.

मुलगीच बोलली. "आम्ही हिचे पाहुणे न्हाईत, मावशी." मग तिनं आपलं आडनाव मोठ्यानं, नीट सांगितलं. "आता बोला, देता का?"

मावशींनी पदर सावरला. "तसं काही न्हाई गं बाई. पण मालकांना विचारावं लागंल."

त्या घरात मालकांना कुणी चहाचंसुद्धा विचारत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

मुलीनं वळकटी खांद्यावर घेतली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् तू कशाला आलतीस?"

 त्या स्टँडच्या रस्त्याला लागल्या. बाईंनी वळून मला हात केला. मुलीनं मागं पाहिलंही नाही, आणि तिनं पाहावं तरी कशाला?