नवरीच्या झग्याची बटणं

फिलिपिन्समधल्या आमच्या लुम्बान गावात सुई हातात न धरलेली बाई शोधून सापडायची नाही, पण बेनिल्दासारखा हात एखादीलाच. अननसाच्या धाग्याचं ते कापड इतकं तलम, की तळ्यावरचं धुकं चौकटीत ताणून बसवलंय असं वाटावं. त्यावर फुलं काढता काढता ती मनाने कुठेतरी निघून जायची आणि तिसऱ्या हाकेला 'ओ' द्यायची. बायका म्हणत, "हिचं लग्न कापडाशीच लागलंय." पस्तिशीची बाई एकटी राहिली की गावाच्या तोंडाला चाळा मिळतो, दुसरं काय!

तिचं मन जायचं आम्पारोकडे. आम्पारो तिची लहानपणापासूनची मैत्रीण, पुलाजवळ म्हशीच्या दुधाचं पांढरं चीज विकणारी. रोज सकाळी केळीच्या पानात गुंडाळलेलं चीज आणि गरम पाव घेऊन ती बेनिल्दाकडे यायची. दोघी भरतकामाच्या चौकटीला टेकून खायच्या. ऐन विशीत एकदा, जलपर्णीत अडकलेल्या होडीत, त्यांनी एकमेकींचं चुंबन घेतलं होतं. त्याबद्दल पुढे दोघींनी अवाक्षर काढलं नाही. बेनिल्दाने मात्र ती दुपार जपून ठेवली होती.

आता आम्पारोचं लग्न ठरलं होतं. शेजारच्या सांताक्रूझ गावचा एक बिजवर, माणूस भला. त्याच्याकडची मंडळी भाजलेलं डुक्कर घेऊन मागणी घालून गेली आणि आम्पारोच्या आईचे, सिद्रामावशीचे, पाय जमिनीवर ठरेनात. झगा अर्थातच बेनिल्दाने शिवला. पण नवरीने लग्नाआधी झगा अंगात घालायचा नसतो. घातला तर लग्न मोडतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दोघींचा बांधा एकच, म्हणून माप बघायला झगा घातला बेनिल्दाने.

"सरळ उभी राहा गं," तोंडात टाचण्या धरून सिद्रामावशी म्हणाली. "चेहरा बघा हिचा! जशी काही हिलाच बोहल्यावर चढवतोय!"

आरशात बेनिल्दाला पांढऱ्या धुक्यात उभी असलेली एक नवरी दिसली आणि तिच्या खांद्यामागे आम्पारो. दुपारच्या उन्हात सगळं तरंगल्यासारखं झालं होतं. हे असंच राहावं, एवढंच तिच्या मनात आलं.

खालची किनार झाली तशी मावशी फुलं सांगायला बाहेर पडली. बेनिल्दाने झगा उतरवून खुर्चीवर ठेवला आणि आपले कपडे चढवले. वळून बघते तर आम्पारोने तो अंगात घातलेला.

"वेड लागलं का तुला? काढ आधी! लग्न मोडेल!"

"माहितीये मला."

आम्पारो पाठमोरी झाली. पाठ उघडीच होती.

"ही बटणं माझी मला लागत नाहीत, निल्दा. काढ म्हणालीस तर काढते आणि शनिवारी चर्चमध्ये उभी राहते. पुन्हा नाही विचारणार."

बेनिल्दा तिच्या मागे जाऊन उभी राहिली. गाव काय म्हणेल, मावशी काय म्हणेल, गिऱ्हाईक तुटेल, सगळं तिला दिसत होतं. आणि समोर ती पाठ. तिने खालचं कापडी बटण धाग्याच्या फासात अडकवलं. मग वरचं. घाई केली नाही. इतक्या वर्षांचं प्रेम बोटांत उतरलं होतं, त्याला घाई कशी करायची?

शेवटचं बटण लागलं आणि मावशी दारात उभी. पिशवी तिथेच टाकून तिने छातीवर क्रुसाची खूण केली.

"अगं कार्टे, काय केलंस हे!" मग आवाज उतरला. "चुकून घातलास ना? फादरना सांगू, ते पाणी शिंपडतील. बेनिल्दा, तू शहाणी आहेस. सांग, चुकून झालं म्हणून."

वाट मोकळी करून दिली होती तिने. जन्मभर गप्प राहिलेली बेनिल्दा पुढे झाली आणि तिने आम्पारोचा हात धरला.

"चुकून नाही मावशी. बटणं मी लावली."